पहिला हात

बायको व्हर्ना अपघातात गेल्याचा फोन आला, तेव्हा डेलबर्ट खिशात मावणाऱ्या छोट्या पिस्तुलावरचा रंग सुकायची वाट पाहत बसला होता. नळीच्या टोकावरचा नेम धरायचा बारीक उंचवटा त्याच्या म्हाताऱ्या डोळ्यांना दिसेना, म्हणून तिने तो नेलपॉलिशने रंगवायला घेतला होता.

निघताना ती म्हणाली होती, "हा पांढऱ्या रंगाचा पहिला हात सुकू दे. चर्चमध्ये केक देऊन आले की वरून नारिंगी देते. तोवर बोट लावू नकोस, म्हाताऱ्या!"

आठ महिने झाले. डेलबर्ट दाराला तीन कड्या लावून आतच बसतो.

शेजारचा रॉस्को वैतागतो, "अरे, पांढऱ्या भिंतीवर पांढरं टोक दिसणार कसं? चोराला काय थांब म्हणणारेस? आण ती नारिंगी बाटली, मी लावतो."

"नको," डेलबर्ट म्हणतो, "पहिला हात अजून सुकला नाही."

नारिंगी हात द्यायचा राहिला आहे.