चौऱ्याहत्तरची शर्यत

तापीकाठचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान दलसिंग गिरासेंनी मयूरी मॅडमना या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी दाखवलं. मॅडम पुरातत्त्व खात्याच्या, नाशिकहून आलेल्या. मैदान ऐतिहासिक ठरलं तर राहणार, नाहीतर तिथे कापसाचं गोदाम उभं राहणार, हे ठरल्यासारखंच होतं. अर्धं गाव मागोमाग चाललं होतं.

मॅडमनी शिलालेख विचारला. नव्हता. जुनं बांधकाम विचारलं. एक ओटा होता, तोही दुष्काळी कामात बांधलेला.

“काका, यात्रेत घोडे तर पुष्कळ ठिकाणी पळतात,” वही मिटत त्या म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटत होतं. “दुसरीकडे घडलं नाही असं इथे काय घडलं?”

“चौऱ्याहत्तरनी शर्यत,” सरपंच नवनीत पुढे झाला. “दलसिंगबाबा पंधरा घोडासले माघे टाकीसन जिकनात. आजभी लोक सांगतस.”

ही गोष्ट निघाली की दलसिंग नेहमी खाकरून पुढचं स्वतः सांगत. आज ते खाकरले नाहीत. ओट्यावर त्यांची बायको कोकिळाबाई सगळ्यांसाठी चहा ओतत होती. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा मैदानाकडे.

“लिखा मॅडम,” ते म्हणाले. “त्या दिनले माले ताप उना व्हता. मी घरमा खाटवर व्हतो.”

“मग घोडीवर कोण होतं?”

“हाई.” त्यांनी बायकोकडे बोट केलं. “मन्हा कपडा घालीसन, तोंडले फडकं बांधीसन. एकोणीस वरीसनी व्हती. पळनी ती, बक्षीस मी लिधं.”

दलसिंगांचे कान तापले. पन्नास वर्षं दोघांनी जपलेली गोष्ट चार वाक्यांत संपली होती.

मॅडमनी वही उघडली. “आजी, हे खरं आहे?”

“खरं शे,” कोकिळाबाई म्हणाली. “पन घोडा पंधरा नही, सतरा व्हतात. ह्या त खाटवर व्हतात, मोजाले कोठे व्हतात?”

हसू आधी बायकांत फुटलं, मग पुरुषांत. दलसिंगांनाही ते आवरेना.

“याला साक्षीदार लागेल,” मॅडम म्हणाल्या.

दलसिंगांचं हसू थांबलं. साक्षीदार कुठून आणणार? कुणाला सांगितलंच नव्हतं.

“मी शे ना,” म्हाताऱ्या फुलवंताबाईंनी हात वर केला. “फडकं मीच बांधं व्हतं.”

“खोगीर मी कसीसन बांधं व्हतं,” दगूबाई काठी टेकत उठली. तिच्यामागून आणखी एक उठली. तिने गल्लीच्या तोंडाशी पहारा दिला होता. एकीने दलसिंगांना झोप लागावी म्हणून काढा उकळून कोकिळाबाईच्या हाती दिला होता. बघता बघता सात म्हाताऱ्या वहीसमोर रांगेत उभ्या राहिल्या आणि घोडी तांबडी होती की पांढरी, यावर वाद घालू लागल्या.

दलसिंग बघतच राहिले. “तुमले समदीसले माहीत व्हतं?”

“गावमा फक्त गडीमानसंसले माहीत नव्हतं,” फुलवंताबाई म्हणाल्या.

मॅडम भराभर लिहीत होत्या. मंजुरी वरून यावी लागेल, पण आपण शिफारस जोरदार करू, असं त्यांनी लिहिता लिहिताच सांगितलं. सरपंच टाळ्या वाजवू लागला.

त्या गलक्यातून दलसिंग ओट्याशी आले. ही शर्यत त्यांनी शेकडो वेळा सांगितली होती. दर वेळी मधला भाग मनानेच रचून.

“कोकिळा,” त्यांनी हळूच विचारलं, “तू समदा घोडासना फुडे कोठे निंघनी व्हती?”

पन्नास वर्षांत हे त्यांनी कधीच विचारलं नव्हतं. कोकिळाबाईने किटली खाली ठेवली, हात पदराला पुसले.

“चला, दाखाडस,” ती म्हणाली, आणि नदीकडच्या वळणाच्या दिशेने त्यांच्या पुढे चालू लागली.