उशाशी ठेवायचा दिवा

"अरे, आत विचारलं तरी काय?" मी पुन्हा विचारलं. ओजसनं नुसता लॅपटॉप बॅगेत कोंबला. त्याच्याआधी बाहेर आलेल्या दोघीही अशाच तोंड पाडून निघून गेल्या होत्या. चौघं एकाच टेबलावर डिझाइन शिकलो आणि नोकरीच्या मुलाखतीत काय विचारलं, एवढंही सांगवत नाही यांना!

माझा नंबर आला. स्क्रीनवर उशाशी ठेवायच्या दिव्याचं मॉडेल उघडताच समोरच्या मॅडम हसल्या.

"हा दिवा आज चौथ्यांदा बघतेय. प्रत्येक जण म्हणतो, मीच केलाय."

माझं डोकंच फिरलं. ग्रुपचं काम होतं हे खरं, पण खपले ते मी.

"त्यांचं काही ऐकू नका, मॅडम. त्यांनी नुसती नावं लावलीत. यातली रेघ न् रेघ माझी आहे. आकार, रंग, अगदी खोकंसुद्धा!"

"बरं झालं. मग तूच सांग," त्या म्हणाल्या, "झोप आली की हा बंद कुठून करायचा?"

मी स्क्रीनवर दिवा गोल गोल फिरवत राहिले. बटण त्या तिघांपैकी कुणीतरी करणार होतं.