मागच्या सीटचे पट्टे

आज माझ्या बॅचच्या लाडोबाच्या विमानात मागे मी बसलो होतो. तसं काही घडलेलंच नाही.

आमच्या शिकाऊ लढाऊ जेटमध्ये पुढे विद्यार्थी बसतो, मागे गुरुजी. एकट्याने उडायचं असेल तर मागच्या रिकाम्या सीटचे पट्टे आम्हीच करकचून बांधतो.

गुरुजींचा हा लाडोबा एकटा उडून उतरला की ते सुटलेले असतात आणि सीट कोमट लागते. मी उतरलो की माझी गाठ जशीच्या तशी. मागे येऊन बसणाऱ्या भुतालाही तोच आवडावा! माझ्या पोटात दुखायचं.

आज मी मेसमध्ये जेवत होतो. तो उतरून थेट माझ्याकडे आला.

"काय रे, मागे बसून सारखं 'मला का नाही, मला का नाही' काय लावलं होतंस?"

मी शर्टाची कॉलर सरकवली. दोन्ही खांद्यांवर पट्ट्यांचे ताजे वळ होते.

तरी सदर उड्डाण माझ्याही नावावर नोंदवावे, ही साहेबांना नम्र विनंती.