रतनची हाक

ग्रंथपालांच्या शिबिराच्या तिसऱ्या दिवशी, सकाळच्या चहाआधी, स्नेहलला कळलं की हाका गेल्या.

कोल्हापूरची बोली जपायच्या कामातलं तिचं हे पहिलंच ध्वनिमुद्रण. दोन महिन्यांपूर्वी मंगळवार पेठेतल्या आकाराम गवळ्यांनी तिला म्हशींच्या हाका ऐकवल्या होत्या. प्रत्येक म्हशीची हाक वेगळी; शब्द नाही, नुसता घशातला सूर. फाईल नीटनेटकी दिसावी म्हणून काल तिनं गोंगाट काढणारं सॉफ्टवेअर चालवलं. त्यानं रिक्षा काढल्या, हॉर्न काढले, आणि शब्द नाहीत म्हणून हाकाही काढून टाकल्या.

"मूळ फाईल?" शिकवणाऱ्या पूर्णिमा मॅडमनी विचारलं.

"तिच्यावरच सेव्ह केलं."

"रेकॉर्डरचं कार्ड?"

"पुसून पुढच्या गटाला दिलं."

मूळ प्रतीला हात लावायचा नाही, हा पहिल्या दिवसाचा पहिला धडा. स्नेहलनं तो वहीत उतरवून खाली लाल रेघही मारली होती. हुशारच ती! परीक्षेत विचारलं असतं तर पैकीच्या पैकी गुण घेतले असते.

"मग परत रेकॉर्ड करा की."

"मॅडम, त्यांचं घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्रच काढलंय."

तेवढ्यात दारातून आकारामच आत आले. गळ्याभोवती पांढरा रुमाल, मागं बायको चिमणाबाई. स्नेहलनंच दोघांना आज आग्रहानं बोलावलं होतं.

"पोरी, रतन म्हस पान्हा सोडंना बघ," चिमणाबाई म्हणाल्या. "ह्यांच्या हाकंबिगर दूधच देत न्हाय ती. तेवढी हाक मोबाईलात घालून दे. तुझ्याकडं हाय म्हटल्यावर आमी निर्धास्त."

आकाराम पहिल्या रांगेत बसले आणि हसून त्यांनी स्पीकरकडं बोट दाखवलं. आत्ताच सांगायला हवं होतं. पण स्नेहल स्पीकरकडं वळली. तिनं बटण दाबलं.

"आता रतनला बोलावतो. ऐक हां, पोरी." आकारामांचा तो जुना खणखणीत आवाज हॉलभर घुमला. मग काहीच नाही. अकरा सेकंद. मग पुन्हा तोच आवाज, खुशीत: "बघ! आली की न्हाय?"

आकारामांनी कानामागं हात धरला. मग स्नेहलकडं बघत त्यांनी बोटं फिरवून खूण केली. आवाज वाढव.

स्नेहलनं फाईल मागं नेली आणि आवाज पार शेवटापर्यंत वाढवला.