पाच गुण कापले

धुळ्यातल्या एका कॉलेजात स्नेहलने प्रकल्प म्हणून एआय एजंटला शिकवण्यासाठी बारा पानी सूचना लिहिल्या. लग्नपत्रिकेच्या नावाने फोनवर येणारा व्हायरस न उघडता आतून कसा वाचायचा आणि तो चोरलेली माहिती कुठे पाठवतो ते कसं शोधायचं, हे त्यात होतं. नियमाप्रमाणे तपासणीला नमुन्याचा खराखुरा व्हायरसही जोडावा लागला. म्हणून तिने पहिल्याच पानावर लाल अक्षरांत लिहिलं, "सोबतची पत्रिका उघडू नये."

तपासणी समितीचे अध्यक्ष घेवरचंदभाऊ. कॉम्प्युटर लॅबचे पंखे त्यांनीच दिले होते.

आठवड्याने त्यांनी निकाल सांगितला. "पोरी, शंभरपैकी पंच्याण्णव! पानन् पान वाचलं. ते लाल अक्षरातलं तर फारच छान."

"मग पाच कशाचे कापले, भाऊ?"

"पत्रिका उघडतच नाही. माझ्या फोनवर तीनदा दाबून पाहिली. ना मुलाचं नाव, ना मुहूर्त."

"भाऊ, उघडू नये असं लिहिलं होतं ना!"

"ते मशीनला. मशीनने पाळलं, म्हणून तर पंच्याण्णव दिले. आपल्याकडे आलेली पत्रिका न बघता ठेवतात का? समोरच्याला काय वाटेल?" भाऊंनी चष्मा पुसला. "तू काळजी करू नको. माझा फोन जुना आहे, म्हणून समाजाच्या ग्रुपवर टाकली आहे. दोंडाईच्यापासून रावेरपर्यंत आठशे घरं आहेत. कोणाकडे तरी उघडेलच."