तिसऱ्या क्रमांकाचा माहितीपट

“‘रिकामी होडी’ला तू तिसऱ्या क्रमांकावर टाकलंस?” रूलॉफनं चष्मा कपाळावर सरकवला. “हेस्टर, परवा दिवे लागले तेव्हा तूच डोळे पुसत होतीस. मी शेजारच्याच खुर्चीत होतो.”

“रडवलं म्हणजे चांगला, असं कधी ठरलं?” हेस्टर म्हणाली आणि उठून खिडकीपाशी गेली. सकाळपासून तिला एका जागी बसवत नव्हतं.

अ‍ॅमस्टरडॅमच्या महोत्सवात पूर्ण लांबीच्या माहितीपटांचे ते तिघं परीक्षक. रूलॉफचा जन्म संकलनाच्या टेबलावर गेलेला. ओडील ब्रसेल्सच्या वर्तमानपत्रात चित्रपटांवर लिहायची. आणि हेस्टरनं रेडिओवरून शिफारस केली की लोक डोळे झाकून तिकीट काढायचे. शेवटच्या फेरीत तीन माहितीपट उरले होते, एक होडीचा, एक गायी विकणाऱ्या जोडप्याचा, एक ट्रकवाल्यांचा, आणि त्यांचा क्रम लागत नव्हता. पहिला येईल तो युरोपभर टीव्हीवर दाखवला जाणार होता. बाकीच्या दोघांच्या वाट्याला टाळ्या.

रूलॉफचा जीव ‘रिकामी होडी’वर होता. फेरो बेटांवरच्या सुनेवा नावाच्या बाईची ती हकिगत. तिचा मुलगा ट्रोंडुर आणि त्याचा मित्र मासे धरायला गेले. होडी तेवढी परत आली. मित्राचं प्रेत किनाऱ्याला लागलं, ट्रोंडुरचं लागलं नाही. गावानं त्याच्या नावाचा दगडही उभा केला, पण सुनेवा मानायला तयार नव्हती. दर हिवाळ्यात ती त्याच्यासाठी स्वेटर विणायची आणि दर खेपेला पोटाशी चार टाके वाढवायची. “चाळिशीत माणूस सुटतोच,” असं ती गंभीरपणे सांगायची. प्रेक्षक हसायचे आणि मग एकदम गप्प व्हायचे.

“एवढं खरं मी कित्येक वर्षांत पाहिलं नाही,” रूलॉफ म्हणाला. “तुझ्या त्या गायी विकणाऱ्या नवरा-बायकोपुढे ठेव आणि सांग.”

“गायींचं जोडपं निदान कुणाकडे काही मागत नाही.” हेस्टर वळली. “इथं शेवटी ती बाई कॅमेऱ्यात बघून म्हणते, कुणी माझ्या मुलाला पाहिलं असेल तर कळवा. हा माहितीपट राहिला का? दिग्दर्शिकेनं एका म्हातारीला आशेला लावलंय. उद्या वीस देशांतून खोटे फोन येतील. तेव्हा तिच्याजवळ कोण बसणार? तू?”

“आणि त्यातला एखादा खरा निघाला तर?”

हेस्टरनं पेल्यात पाणी ओतलं, ते थोडं टेबलावर सांडलं.

तिचा फोन थरथरला. तेओचा निरोप. सकाळपासून कितवा तरी.

“नवरा तुझ्याहून उतावीळ दिसतोय,” रूलॉफ म्हणाला.

“घरी कधी येणार, विचारतोय. बटाटे कधी लावायचे ते त्याला ठरवायचंय.”

“मग त्या बिचाऱ्याच्या बटाट्यांसाठी तरी निकाल लावू या,” ओडील म्हणाली. “मी होडीलाच पहिली म्हणणार होते. पण हे फोनचं मला सुचलं नव्हतं. मुलगा हरवल्यावर माझ्या मावशीनं असे फोन घेतलेत. दर वेळी ती नव्यानं मेली.” तिनं डोळे टिपले. “गायी पहिल्या. ट्रकवाले दुसरे.”

रूलॉफनं हात वर केले. “दोघी एक झालात, मी काय करणार? पण हेस्टर, हे तुझ्यासारखं वाटत नाही.”

निकाल जाहीर झाला तेव्हा हेस्टर दाराशी उभी होती. टाळ्या ओसरायच्या आत तिनं कोट चढवला, पण खालच्या दालनात कुणीतरी तिची बाही धरली. पडद्यावर दिसायची त्याहून सुनेवा बरीच बुटकी होती.

“तुम्ही रेडिओवाल्या ना? दिग्दर्शिकेनं दाखवलं मला तुम्हाला. परवा तुम्ही रडत होता.” मोडक्यातोडक्या इंग्रजीत ती सावकाश बोलत होती. “तुम्ही आमच्या बाजूनं बोलला असाल. म्हटलं, आभार मानून जावं.”

“सुनेवाबाई, मी...”

“तिसरा तर तिसरा. माझं गाव म्हणतं, एवढ्या लांब कशाला मरायला जातेस. म्हटलं, टीव्हीवर आला असता तर कुणीतरी ओळखलं असतं.” तिनं हेस्टरच्या कोटाची कॉलर सारखी केली, आपल्याच घरातल्या कुणाची करावी तशी. “मुलंबाळं आहेत?”

“एक मुलगी. आठ वर्षांची.”

“द्वाड आहे?”

“फार.”

“असू दे. द्वाड पोरं घराबाहेर टिकतात. माझा फार हळवा होता.”

हेस्टरला तिचा हात सोडवेना आणि धरवेना. गाडीची वेळ झाली, एवढं पुटपुटून ती बाहेर पडली. ट्राममध्ये जागा असूनही ती उभीच राहिली. हार्लेमच्या गाडीत तिनं दोनदा डबा बदलला. उतरल्यावर घराच्या कोपऱ्यापर्यंत आली आणि पुन्हा मागं फिरून चर्चला वळसा घालून आली.

तेओ स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. मुलगी वरच्या खोलीत काहीतरी आपटत होती.

“पहिला कोण?” त्यानं न वळता विचारलं.

“गायी.”

“आणि तो?”

“तिसरा. टीव्हीवर येणार नाही. कुठेच येणार नाही.” हेस्टर कोटासकट खुर्चीत बसली. “मी पाडला त्याला. ओडीलला तर रडकुंडीला आणलं. आणि ती म्हातारी खाली माझेच आभार मानत होती. पुन्हा असं काही माझ्याकडून मागू नकोस, तेओ.”

तेओनं मान हलवली. सोललेला बटाटा तो बराच वेळ नळाखाली धरून उभा राहिला. मग त्यानं नळ बंद केला.

“आई फार थकलीय का गं?”