देवरावची कंबर

अर्धांगवायूनं खाटेवर पडलेल्या ठमाबाईला उचलता उचलता तिच्या नवऱ्याची, देवरावची कंबर धरली. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला घरी करायचा व्यायाम शिकवला. उताणं झोपायचं, गुडघे वाकवायचे, कंबर वर उचलून थोडा वेळ धरायची आणि हळूच खाली ठेवायची. असं दहा वेळा.

देवराव बायकोच्या खाटेजवळच सतरंजी टाकायचा. पण कंबर इतकी दुखायची, की किती झाले तेच तो विसरायचा.

"तूच मोज ना वं," तो एकदा म्हणाला.

आजारापासून ठमाबाईची जीभ वळत नव्हती. तोंडातून नुसता आवाज निघाला. देवरावनं तोच 'एक' समजला. पुढचा आकडा येईपर्यंत तो कंबर खाली ठेवायचा नाही, आणि त्याचे पाय थरथरताना बघून ती जिवाच्या आकांतानं ओठ हलवायची.

तीन महिन्यांनी तो तिलाही घेऊन दवाखान्यात गेला.

"कंबर कशी आहे, भाऊ?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

देवराव काही बोलायच्या आतच ठमाबाई म्हणाली, "बरी हाये. काल तीस येळा उचलली यायनं."